कलम तेरा आणि आमचा क्लब

मुंबईत बंदुकीचा विषय निघाला की गप्पा लगेच गँगवॉरवर जातात. ऐंशी-नव्वदच्या दशकांत या शहराने जे पाहिलं, त्यानंतर ते साहजिकच आहे. 'घोडा' म्हणजे बेकायदा पिस्तूल हे लालबागच्या शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. त्या घोड्याला परवाना नसतो, त्याचा नंबर घासून काढलेला असतो, तो कुठून आला याची नोंद कुणाकडेच नसते. पण त्याने पसरवलेल्या भीतीचा जाब मात्र परवानाधारकाला विचारला जातो, ज्याच्या हत्याराची इत्थंभूत माहिती सरकारदरबारी आधीच जमा असते. मी त्या परवानाधारकांपैकी आहे. कॉलेजात असताना एनसीसीत पहिल्यांदा पॉइंट टू टू बोअरची रायफल खांद्याला लावली. मग नोकरी, लग्न, मधली काही कोरडी वर्षं, आणि पुन्हा क्लब. आमच्या बाजूने काय म्हणायचं आहे ते एकदा सलग मांडावं असं फार दिवस मनात होतं.

सुरुवात क्लबपासूनच केली पाहिजे. दादर-वरळी हा पट्टा क्रिकेटचा म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. पण शिवाजी पार्कात नेटमध्ये चेंडू पडत असतात त्याच वेळी रस्त्यापलीकडे सावरकर स्मारकात मुलं एअर रायफलचा सराव करत असतात. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. कीर्ती कॉलेजची एनसीसी कॅडेट अंजली वेदपाठक याच पट्ट्यात घडली. पुढे अंजली भागवत या नावाने ती २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि २००२ मध्ये मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने चार सुवर्णपदकं मिळवली. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकला अंजली भागवत, सुमा शिरूर आणि दीपाली देशपांडे अशा तिघी रायफल घेऊन उतरल्या. त्या वर्षी आमच्या क्लबात जो उत्साह होता तो आजही आठवला की छाती भरून येते. सुमा शिरूरने पुढे पनवेलला मुलं घडवायला घेतली. दीपालीताईंच्या हाताखाली तयार झालेल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभं राहून मारायच्या प्रकारात, कांस्यपदक घेतलं. राधानगरी तालुक्यातला मुलगा, मध्य रेल्वेत नोकरीला. १९५२ च्या हेलसिंकीतल्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं ते बंदुकीने, ही गोष्ट आपण फार लवकर विसरलो असं मला वाटतं.

पहिल्या दिवशी स्वतःची बंदूक घेऊन आलेला नेमबाज मी अजून पाहिलेला नाही. सगळे क्लबच्या बंदुकीवर सुरू होतात. जागतिक स्पर्धांमध्ये दिसते तशी परदेशी एअर रायफल दोन-तीन लाखांच्या घरात जाते. कॅनव्हासचं जॅकेट, पँट, बूट, हातमोजा यांचा खर्च वेगळा. गिरगाव-परळच्या घरातून येणाऱ्या मुलाला हे सगळं एकदम परवडणं शक्यच नाही. म्हणून क्लबच्या कपाटात चार-सहा जुन्या रायफली असतात, त्यांचे दस्ते झिजलेले असतात, आणि त्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या मुलं शिकून जातात.

ती काय शिकतात हे आत येऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. दहा मीटर अंतरावरच्या एअर रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांची खूण अर्ध्या मिलिमीटरची असते, खसखशीच्या दाण्याहूनही बारीक. उभं राहून, साडेपाच किलोपर्यंतची रायफल पेलत, पंचाहत्तर मिनिटांत साठ शॉट मारायचे. मे महिन्यातल्या मुंबईत त्या जाड जॅकेटच्या आत घामाची धार लागलेली असते, गॉगलची काच धुकटते, आणि अशात आपल्या हृदयाचे ठोके नळीच्या टोकावर दिसतात. आमचे सर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात: श्वास सोड, थांब, ट्रिगर ओढू नकोस, दाब, आणि शॉट गेल्यावरही जागेवरून हलू नकोस. मन जागेवर नसेल तर उतरव. हे 'उतरव' शिकायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. डोळा, श्वास, बोट यांतलं एक जरी बिनसलेलं असेल तर शॉट न मारता रायफल खाली ठेवायची, दम घ्यायचा, पुन्हा उचलायची. बारा-तेरा वर्षांची मुलं ज्या सहजपणे रायफल खाली ठेवतात ते पाहून मला दर वेळी आदर वाटतो.

आणि शिस्त. बंदूक भरलेलीच आहे असं धरून चालायचं. नळी कायम टार्गेटच्या दिशेला. शॉट घ्यायचा नसेल तर बोट ट्रिगरच्या बाहेर. कुणी टार्गेटकडे चालत गेलं तर बाकी सगळ्यांनी बंदुकीला हात न लावता मागे उभं राहायचं, नळीतून भडक रंगाची दोरी आरपार ओवलेली हवी, म्हणजे चेंबर रिकामं आहे हे लांबूनही दिसतं. एकदा एका सभासदाचे पाहुणे आले होते, बरेच मोठे अधिकारी. त्यांनी कौतुकाने रायफल उचलली आणि बोलता बोलता आमच्याकडे वळले. शेजारच्या लेनवरची आठवी-नववीतली मुलगी लगेच म्हणाली, "काका, नळी टार्गेटकडे." आवाज चढवला नाही, घाबरलीही नाही. काकांनी मुकाट्याने नळी फिरवली. बंदूक बाळगणाऱ्या प्रत्येक माणसाच्या आयुष्यात अशी एक मुलगी असावी, असं मला मनापासून वाटतं.

आता कायद्याकडे येतो. शस्त्र कायदा १९५९ चा. त्याचे जुने नियम १९६२ चे होते, आताचे २०१६ चे. या कायद्याचं तेरावं कलम परवाना द्यायचा कसा ते सांगतं, आणि त्यात एक जागा अशी आहे की मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा क्लबातल्या सगळ्यांना वाचून दाखवली होती. इतर बहुतेक अर्जदारांच्या बाबतीत अधिकाऱ्याने सबळ कारण आहे का ते पाहायचं असतं. पण केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या रायफल क्लबच्या सभासदाला नेमबाजीच्या सरावासाठी पॉइंट टू टू किंवा एअर रायफल हवी असेल, तर अधिकाऱ्याने परवाना द्यायचा आहे, असं कायदा म्हणतो. अर्जदार मनोरुग्ण असेल, गुन्हेगार असेल, सार्वजनिक सुरक्षिततेला धोका असेल तर नकाराचे दरवाजे चौदाव्या कलमात उघडे आहेतच, आणि ते असायलाच हवेत. पण त्याच चौदाव्या कलमात आणखी एक वाक्य आहे: केवळ पुरेशी मालमत्ता नाही म्हणून कुणाला परवाना नाकारता येणार नाही. नकार दिलाच तर कारणं लेखी नोंदवायची. तिसऱ्या कलमात बंदुकांच्या संख्येवर मर्यादा आहे, पण सरावाची पॉइंट टू टू वापरणाऱ्या क्लब-सभासदाला ती लागू होत नाही.

म्हणजे १९५९ मध्ये हा कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आमचा क्लब होता. त्याच दशकात, १९५१ साली, नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया उभी राहिली होती आणि तिचे पहिले अध्यक्ष होते पुढे लोकसभेचे पहिले सभापती झालेले गणेश वासुदेव मावळंकर. मूळ रत्नागिरीकडचं घराणं. आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवर मुलं 'मावळंकर खेळून आलो' म्हणतात, ते त्यांच्याच नावाच्या स्पर्धेबद्दल. नुकतं स्वतंत्र झालेलं, फाळणीत रक्तबंबाळ झालेलं राष्ट्र. त्याच्या सभापतींना वाटलं की नागरिकांनी शिस्तीत नेम धरायला शिकावं. या विचारातलं धैर्य मला फार मोठं वाटतं.

प्रत्यक्षात काय होतं? परवान्यासाठी मी स्वतः खेटे घातलेत. कार्यालयाचं नाव घेत नाही, कारण तिथल्या माणसांशी माझं वैर नाही. अर्ज, पोलीस ठाण्याची पडताळणी, वैद्यकीय दाखला, सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला, घरात कुलूपबंद ठेवण्याची हमी, हे सगळं योग्यच आहे. पण मग फाइल कुठे आहे हे कुणी सांगत नाही. उत्पन्नाचे कागद मागितले जातात आणि ते पाहून चेहऱ्यावर उमटतं की एवढ्याशा पगाराच्या माणसाला बंदूक कशाला. ज्याची ओळख आहे, ज्याच्याबरोबर दोन माणसं उभी राहतात, त्याचं काम पुढे सरकतं. कायद्यात मालमत्तेबद्दल लिहिलेलं ते वाक्य टेबलापर्यंत पोहोचलेलंच नसतं. राष्ट्रीय पातळीवर खेळू शकणारी मुलगी एअर रायफलवरून पन्नास मीटरच्या पॉइंट टू टूवर जायचं म्हणून अर्ज करते आणि एक अख्खा मोसम वाट बघण्यात जातो. नेमबाजाच्या वयात एक मोसम फार असतो.

२०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. आधीच्या मसुद्यात एका माणसाला एकच बंदूक असं होतं. देशभरातून नेमबाजांनी आणि वडिलोपार्जित हत्यारं जपणाऱ्यांनी हरकती घेतल्या, आणि तीनवरची मर्यादा अखेर दोनवर आली. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच झाली. लग्नात-वरातीत हवेत गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड अशी तरतूद आली, तिचं आम्ही सगळ्यांनी स्वागत केलं. जास्तीची बंदूक वर्षभरात जमा करायची होती. आमच्या क्लबात एक आजोबा येतात, निवृत्त इंजिनिअर. त्यांच्याकडे रिव्हॉल्व्हर होतं, एक रायफल होती आणि वडिलांची दुनळी. ती दुनळी त्यांनी कधी चालवलेली मी पाहिली नाही. दर पावसाळ्यात मात्र ते तिला तेलाचा हात द्यायचे, कारण मुंबईच्या हवेत चार दिवस दुर्लक्ष केलं तरी नळीला गंज चढतो. तिघींतली कुठली द्यायची हे ठरवायला त्यांना महिने लागले. शेवटी वडिलांचीच डीलरकडे दिली. मी सोबत गेलो होतो. कागदावर सही केल्यावर त्यांनी दस्त्यावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "चला, चहा घेऊ." वाटेत ते बोलले नाहीत. त्यांनी नियम पाळला, आणि तसा तो पाळणारी माणसं हजारोंनी असतील. त्यांच्याविषयी कधी बातमी येत नाही.

आमचं गाव राजापूर तालुक्यात. चुलत्यांच्या नावावर शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक आहे. नेमबाजीच्या गप्पांत कोकणातल्या या बंदुका कुणी धरत नाही, पण परवानाधारक म्हटल्यावर त्या वगळून कसं चालेल? कायद्यातही त्या त्याच तेराव्या कलमात, आमच्या शेजारच्या ओळीत आहेत. निवडणूक लागली की बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. आता वेळापत्रक बघा. लोकसभेची निवडणूक एप्रिल-मेमध्ये, म्हणजे काजू-आंब्याच्या दिवसांत, वानरांचे कळप बागेत शिरतात तेव्हा. विधानसभेची गेली काही वर्षं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, म्हणजे भात कापणीला आलेलं असतं आणि रानडुकरं रात्रीत आख्खा मळा तुडवून जातात तेव्हा. बंदुकीची गरज जेव्हा सगळ्यांत जास्त, नेमकी तेव्हाच ती ठाण्यात. मारायची म्हणून नव्हे, नुसता बार काढला तरी कळप पांगतो. काका म्हणतात, पत्र्याचे डबे बडवून रात्री जागवतो. त्यांचं वय सत्तरीच्या पुढे आहे.

सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करू नयेत, प्रत्येकाची पार्श्वभूमी समितीने तपासून ठरवावं, असं मुंबई उच्च न्यायालयाने गोव्यातल्या एका प्रकरणात म्हटलं आणि त्यातूनच छाननी समित्यांची पद्धत आली. क्रीडा-नेमबाजांना या जमा करण्यातून सूट मिळते. मला ती मिळते तेव्हा काकांची आठवण येते आणि आपल्या संघटनांचा राग येतो. मुंबईतला नेमबाज स्वतःची सूट घेऊन गप्प बसतो आणि कोकणातल्या शेतकऱ्यासाठी अर्जही लिहीत नाही.

आता अवघड भाग. २०२४ च्या फेब्रुवारीत उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यात गोळीबार झाला, आणि आठवड्याभरात दहिसर-बोरिवलीकडे कॅमेऱ्यासमोर. दोन्हींत परवान्याच्या बंदुका वापरल्याचं तेव्हाच्या बातम्यांत होतं. त्या संध्याकाळी क्लबात कुणी फारसं बोललं नाही. काहींचं म्हणणं होतं, दोन घटनांवरून सगळ्यांना का धरता. मला ते उत्तर पुरेसं वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. परवाना आहे म्हणून माणूस जबाबदार आहे असं आपण म्हणत आलो, आणि तिथे परवाना होता. मग परवान्यात काय कमी होतं? माझं उत्तर रेंजवर आहे. कमरेला पिस्तूल लावून फिरणाऱ्या किती जणांनी गेल्या वर्षभरात कागदाच्या टार्गेटवर एक तरी शॉट मारला असेल? कितीजणांना कुणीतरी "काका, नळी टार्गेटकडे" असं म्हटलं असेल? रुबाबासाठी घेतलेलं हत्यार पाच वर्षं कपाटात किंवा कमरेला राहतं आणि नूतनीकरणाच्या वेळी फक्त कागद तपासले जातात. माणूस कसा आहे, त्याला राग आवरतो का, घरात काय चाललंय, हे त्या कागदांत येत नाही. क्लबात येतं. दर आठवड्याला येणाऱ्या माणसाचं वागणं बदललं की सरांच्या लगेच लक्षात येतं. एका सभासदाला त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं होतं, घरचं निस्तरेपर्यंत पिस्तूल डीलरकडे ठेव. त्याने ठेवलं. माझी पत्नी आजही अधूनमधून विचारते, कपाटाला कुलूप आहे ना, गोळ्या वेगळ्या आहेत ना. तिने विचारावं आणि मी उठून दाखवावं, असंच आमच्या घरात ठरलेलं आहे. ज्या घरात बायकोला हा प्रश्न विचारायची भीती वाटते तिथे बंदूक असू नये, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून परवानाधारकांच्या बाजूने बोलणाऱ्या काही मित्रांशी माझं पटत नाही. नॅशनल असोसिएशन फॉर गन राइट्स इंडियासारख्या संघटना झाल्या याचा मला आनंद आहे. विखुरलेल्या माणसांना आवाज हवाच होता. पण गप्पा रंगल्या की काहीजण अमेरिकेच्या राज्यघटनेतल्या शस्त्र बाळगण्याच्या हक्कावर जातात. आपल्याकडे हा वाद आपल्या पद्धतीने होऊन गेलेला आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी हिंदी माणसाच्या हातून हत्यार काढून घेतलं, त्याची सल इतकी होती की १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. १९४८ च्या डिसेंबरात घटना समितीत ह. वि. कामत यांनी तो घटनेत आणण्यासाठी उपसूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही आणि ती फेटाळली गेली. चोर-दरोडेखोरही हाच हक्क मागू लागले तर काय, हा त्यांचा प्रश्न मला आजही योग्य वाटतो. आपल्याला जे मिळालं ते १९५९ च्या कायद्यात मिळालं, नियमांच्या चौकटीत, आणि क्लबच्या सभासदत्वाशी जोडून. तीच आपली भक्कम जागा आहे. ती सोडून दुसऱ्या देशाची भाषा बोलायला लागलो की समोरचा अधिकारी कान बंद करतो, आणि शेजारी दार.

माझी मागणी दोन्हीकडे आहे. परवान्याचं नूतनीकरण करताना मान्यताप्राप्त रेंजवरच्या हजेरीचा आणि चाचणीचा दाखला सक्तीचा करा. हे आपण परवानाधारकांनीच पुढे होऊन मागितलं पाहिजे. त्याबदल्यात सरकारने ठरलेल्या मुदतीत निर्णय द्यावा, नकार द्यायचा तर कारण लिहून द्यावं, आणि पगाराचा आकडा बघून माणसाची किंमत करू नये. शेतीसंरक्षणाच्या बंदुकांची छाननी पीक बघून, आचारसंहितेच्या आधीच उरकावी.

आणि रेंज वाढवा. सक्तीची हजेरी म्हणायची आणि विरार-कल्याणच्या माणसाने लोकलला लटकत वरळी गाठायची, हे चालणार नाही. दहा मीटरची एअर रेंज शाळेच्या सभागृहात बसते. पेलेट, म्हणजे छर्रे, अडवायला पोलादी पेटी, प्रकाश, लेनची आखणी आणि एक जाणता प्रशिक्षक एवढं लागतं. नियमांत बसणाऱ्या कमी ताकदीच्या पॉइंट वन सेव्हन सेव्हन एअर रायफलला परवानाही लागत नाही. रिकाम्या पडलेल्या महापालिकेच्या शाळा उपनगरांत कितीतरी आहेत. गेल्या महिन्यात मुलुंडच्या एका मुख्याध्यापक बाईंशी बोललो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला की बंदुका रात्री कुठे ठेवणार, आणि दुसरा, मुलींना वेगळी वेळ मिळेल का. दोन्ही प्रश्नांची उत्तरं, कपाटाच्या मापासकट, लिहून त्यांना पाठवली आहेत. संस्थेच्या बैठकीत विषय ठेवते म्हणाल्या.